ठेंगण्या पुलाच्या अलीकडे

शंकरमामाची मेटाडोर दारात येऊन उभी राहिली आणि टोलीतली, म्हणजे आमच्या वस्तीतली, सगळी पोरं तिच्याभोवती गोळा झाली. मी तेवढी घरात होते, कणगीच्या आडोशाला. मलाही त्या गाडीत बसायचं होतं, तसं ठरलंच होतं, पण एवढ्या लोकांच्या देखत तिच्यात चढायचं कसं याची धास्ती वाटत होती. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून माझं बोलणं घरातल्या घरातच राहिलं होतं. मामानं हॉर्न वाजवला आणि ओरडला, "मंदे, येतं का तुले सोडून जाऊ? मंग नोको म्हणजो का मामानं गाडीत नाई नेलं." माय हसली. आत्याबाई हसली नाही. पदर खोचून ती गाडीमागं उभी होती. म्हणाली, "पहिले हंडे चढू दे. माणसं मागून चढतीन."

आम्ही ढिवर. आम्हाला शेत नव्हतं, टोलीच्या मागचा तलाव हेच आमचं शेत. पण रोहू, कतला हे मोठे मासे तलावाच्या थांबलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. दर पावसाळ्यात त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. बीज म्हणजे जिऱ्याएवढी पिल्लं, डोळे तेवढे काळे, बाकी अंग पाण्यासारखं. ती हंड्यात भरून आणायची, आणि हंड्यातलं पाणी वाटभर हलतं ठेवायचं. पाणी थांबलं की पिल्लं गुदमरतात. आदल्या वर्षी टोलीतली माणसं बीज आणायला गेली आणि अर्ध्याहून जास्त वाटेतच मेलं. उन्हाळ्यात जाळं ओढलं तर चिल्लर मासळीशिवाय काही निघालं नाही. मग गावात बोलणं सुरू झालं की ढिवरांना तलाव सांभाळता येत नाही, बाहेरच्या ठेकेदाराला देऊन टाका. एवढं यंदाचं वर्ष पाहू, असं म्हणून ते थांबलं होतं. टोलीच्या सभेत बाबा उभे राहिले आणि म्हणाले, "माणसं हलवता हलवता बिडी पेटवतात. यंदा मी माह्या घरच्या बायका नेतो." लोक हसले. कोणीतरी म्हणालं, "मंग सोयपाकही नदीवरच करजो, महादूभाऊ." बाबा म्हणाले, "करीन."

म्हणून आम्ही सगळे निघालो होतो. बाबा, माय, मी, गाडी चालवणारा मामा, आणि आत्याबाई. आत्याबाई बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली आणि घर तिच्या शिस्तीनं चालायला लागलं. तिच्या बापानं, म्हणजे माझ्या आज्यानं, पुराच्या पाण्यातून कापडानं बीज धरून आणलेलं तिनं पाहिलं होतं. तिच्याएवढं बीज कोणालाच कळत नाही असं बाबा म्हणत. तिचे नियम होते. हंड्याजवळ चपला आणायच्या नाहीत. हंडा ओलांडायचा नाही. आणि विटाळशी बाईनं बिजाला हात लावायचा नाही, तिची सावलीसुद्धा पाण्यावर पडू द्यायची नाही. निघायच्या आधी तिनं भरल्या अंगणात मायला विचारलं, "तुहे दिवस कवा हायेत, शांते?" माय खाली पाहून म्हणाली, "होऊन गेले, बाई." आत्याबाईनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे त् लेकरूच हाये अजून." मामा गाडीचं चाक पाहायच्या निमित्तानं पलीकडं वळला.

जातानाचा प्रवास आठवला की अजून अंगावरून वारा जातो. पावसानं उघाड दिली होती. हंडे रिकामे होते, हात मोकळे होते, गाडीचा मागचा भाग उघडा होता आणि आम्ही पोत्यांवर बसून मागं पळणारी सागाची झाडं पाहत होतो. रस्ता जंगलातून जायचा, मधेच झाडी विरळ व्हायची आणि प्राणहिता दिसायची, रुंद, दूरपर्यंत, पलीकडचा काठ धुरासारखा. मामाच्या गाडीत टेप होता आणि एकच कॅसेट होती. तीही एका जागी येऊन अडकायची, मग मामा टेपवर बुक्की मारायचा. संध्याकाळी आम्ही संगमाजवळ थांबलो. तिथं वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात आणि पुढं त्यांचीच प्राणहिता होते. एक पाणी काळसर, दुसरं तांबूस, आणि बराच लांबपर्यंत दोन्ही शेजारी शेजारी वाहतात, जशा दोन जावा एका घरात. मामानं गाडीच्या फळीपासून झाडापर्यंत ताडपत्री ताणली. बाबांनी जाळं फेकलं. माय आणि मी झाडीच्या कडेनं वास्ते तोडून आणले. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. तीन दगडांच्या चुलीवर भात, वास्त्याची भाजी आणि ताज्या माशांचा रस्सा झाला. ओल्या लाकडांचा धूर डोळ्यांत जात होता, आणि तरी माय हसत होती. तिच्या पाठीमागं भिंत नाही, दार नाही, असं मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. ती विचारत होती, "इथी कोणी हाकलणार त् नाई?" मामा म्हणाला, "नदीचा काठ कोणाच्या बापाचा हाये? पसर पाय, बाई." आत्याबाई सोडून आम्ही सगळ्यांनी पाय पसरले.

आता माझा मुलगा मोबाईलवर दाखवतो, लोक गाडी घेऊन समुद्राच्या काठानं हिंडतात, आवडेल तिथं तंबू ठोकून राहतात. म्हणतो, आई, तुला एकदा समुद्र दाखवतो. मी हो म्हणते. आपणही तसं राहिलो होतो, हे त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला गेलं तर परतीचंही सांगावं लागेल.

दुसऱ्या दिवशी पुढं मत्स्यबीज केंद्रावर जाऊन बीज घेतलं. सिमेंटच्या टाक्या होत्या, तिथला माणूस बारीक जाळीनं पिल्लं उचलायचा आणि वाटीनं मापून हंड्यात सोडायचा. प्रत्येकाच्या पुढ्यात एक हंडा आला. तोंडावर ओलं फडकं बांधलं. तो माणूस बाबांना म्हणाला, "गाडी चालली तोवर तुम्हाले काळजी नाई. खड्डेच पाणी हलवतात. थांबू नका कुठी." मामा म्हणाला, "आमच्या रस्त्याले खड्ड्यांची कमी नाई, साहेब." आणि आम्ही लगेच परत फिरलो.

झड आम्हाला आष्टीचा पूल ओलांडल्यावर लागली. आमच्याकडची झड म्हणजे जोराचा पाऊस नव्हे. न थांबणारा. आभाळ झाडांच्या शेंड्यांवर येऊन बसतं आणि दिवसाचा कुठला वेळ आहे तेच कळत नाही. गाडी हळू चालली होती, हंडे हिंदकळत होते, फडक्याखालून पाण्याचा चुबुक चुबुक आवाज येत होता, आणि तो आवाज आहे तोवर सगळं ठीक आहे हे मला कळत होतं. मग मामानं ब्रेक लावला. पुढं नाला होता, आणि नाल्यावरचा ठेंगणा पूल दिसत नव्हता. तसले बुटके पूल तेव्हा आमच्याकडं सगळीकडं होते, पावसाळ्यात अर्धे दिवस पाण्याखाली. नाला तिथून जवळच प्राणहितेला मिळतो. नदीच फुगली होती, म्हणून नाल्याचं पाणी पुढं जायला जागा नव्हती. ते लाल पाणी वाहतही नव्हतं, नुसतं चढत होतं.

गाडी थांबली तसा चुबुक चुबुक आवाज थांबला. आत्याबाई ओरडली, "हात घाला!" आम्ही फडकी सोडून हात पाण्यात घातले.

मागून एक एसटी आली. कंडक्टरनं खाली उतरून पाणी पाहिलं, मग आम्हाला पाहिलं, गाडीत ओळीनं बसून हंड्यांत हात फिरवणारी माणसं. म्हणाला, "काय हो, ताक करून राह्यले का?" मामा म्हणाला, "हो ना. लोणी आलं का बोलावतो." एसटी वळून परत गेली. कंडक्टर म्हणाला होता की मागच्या नाल्यालाही पाणी चढतंय, तुम्हीही फिरा. बाबा म्हणाले, "फिरून जाऊ कुठी? तलाव त् पुढं हाये."

मामानं गाडी रस्त्याच्या उंच बाजूला, एका मोहाच्या झाडाखाली घेतली. जाताना बांधली होती तीच ताडपत्री पुन्हा बांधली. बाबांनी हंडे खाली उतरवले, कारण गाडीचा पत्रा तापतो की गार होतो याचा भरवसा नसतो, जमीन बरी. पोत्यांवर बसून आम्ही हात फिरवायला लागलो. हात फिरवायची एक रीत आहे. बोटं पसरून, तळहात वरून पाण्यावर हलकेच आपटत, मग खालून वर उचलत, म्हणजे पाण्यात हवा जाते. जोर केला तर पिल्लं मरतात, हळू केलं तरी मरतात. खांदा दुखायला लागतो, मग दुखायचा थांबतो, मग हात आपला आहे की नाही तेच कळत नाही. मामा आळीपाळीनं एकेकाला जेवायला सोडवायचा. जेवण म्हणजे सकाळचा भात आणि जवसाची चटणी. चूल पेटत नव्हती. शिवाय पाणी बदलावं लागायचं, आणि पुराचं गढूळ पाणी चालत नाही, त्यातली माती पिल्लांच्या कल्ल्यांत बसते. मामा जंगलात लांब आत एका झऱ्यावर जायचा आणि फडक्यातून गाळून स्वच्छ पाणी आणायचा. बाबा मधूनच मान वळवून पुलाकडं पाहायचे. तिथं पूल नव्हताच, नुसतं पाणी होतं.

संध्याकाळी माझ्या पोटात दुखायला लागलं. मला वाटलं बसून बसून दुखतंय. रात्र आम्ही तशीच काढली, डुलक्या घेत, एकमेकांना हाका मारत. उजाडताना मी झाडीत गेले तेव्हा मला कळलं. कोणी मला कधी काही सांगितलं नव्हतं, पण मायला आणि आत्याबाईला बाहेर बसलेलं पाहत मी मोठी झाले होते, म्हणून काय झालंय ते ओळखता आलं. मी तिथंच उभी राहिले.  पहिला विचार दुखण्याचा नव्हता, भीतीचाही नव्हता. संध्याकाळपासून माझा हात बिजात आहे, हा होता.

मायच मला शोधत आली. हंडा मामाकडं देऊन आली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, परकराकडं नाही, नुसतं तोंडाकडं, आणि तिला समजलं. तिनं स्वतःच्या पदराची एक पट्टी टर्रकन फाडली. सगळं करून दिलं. मग माझी हनुवटी धरून म्हणाली, "आत्याबाईले सांगू नोको. बाबालेही नाई. जा, बस हंड्यापाशी."

मी म्हणाले, "माय, मरतीन ते."

"हलवलं नाई त् मरतीन. चाल."

जी माय बाहेर बसली असताना माठाच्या दिशेनं पाहायचीसुद्धा नाही, ती हे म्हणत होती. मी जाऊन बसले. हात घातला. त्या सकाळी माझ्या हंड्यात काही पिल्लं वर तरंगत होती, पांढरी झालेली. सगळ्यांच्याच हंड्यांत होती, रात्रीची. पण मला माझीच दिसत होती. एक पांढरं पिल्लू वर आलं की मी मनात म्हणायची, हे माझ्यामुळं. मायचा हंडा माझ्या शेजारी होता. ती न बघता हात घालून मेलेली वेचून टाकायची, तिच्याही आणि माझ्याही हंड्यातली, म्हणजे मला मोजता येऊ नयेत.

दुपार व्हायच्या आधी पाऊस थोडा कमी झाला. मामा पाणी आणायला झऱ्यावर गेला. मी बसल्या जागी सरकले, कंबर आखडली होती म्हणून, आणि आत्याबाईची नजर माझ्या खालच्या पोत्यावर गेली.

"ऊठ," ती म्हणाली. पहिल्यांदा हळूच. मग ओरडून, "ऊठ! हात काढ पाण्यातून! काढ हात!"

मी हात काढला. उठून उभी राहिले. काय करावं कळेना म्हणून ओला हात तसाच अंगापासून लांब धरून ताडपत्रीच्या बाहेर, पावसात जाऊन थांबले. बाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

आत्याबाई मायकडं वळली. "शांते, तुले माहीत होतं?"

"माहीत होतं."

"आन तरी बसवलं?"

"मंग कोणाले बसवू, बाई? या झाडाले बसवू?"

"बीज मरन! तलाव जाईन! सारी टोली तोंडात शेण घालन आपल्या!"

"हात काढला त् आत्ताच मरून राह्यलं. पाहा ना."

आणि तसंच होतं. माझ्या हंड्यातलं पाणी थांबलं होतं. जिथं मी उभी होते तिथूनही दिसत होतं, पाण्याच्या वर बारीक बारीक ठिपके जमायला लागले होते. पिल्लं गुदमरली की वर येऊन तोंड उघडतात. आधी कडेला येतात, मग सगळीकडं. आत्याबाईही तेच पाहत होती. तिचा आवाज खाली आला. "महादू, तू बोल. सभेत तू उभा राह्यला होता. तू सांग."

 आयुष्यभर बाबांनी बहिणीचा शब्द खाली पडू दिला नव्हता. ते हंड्याकडं पाहत राहिले. त्यांचा हात त्यांच्या हंड्यात फिरतच होता. मग म्हणाले, "इकडं सरकव तो हंडा. मी दोन्ही पाह्यतो."

मायनं सरकवला. बाबांनी एक हात एका हंड्यात घातला आणि दुसरा दुसऱ्यात. मी अजून डोळ्यांसमोर आणते ते चित्र. हात दोन्ही बाजूंना ताणलेले, मान खाली, उकिडवे बसलेले. उजवा हात जमत होता, डाव्याला ती रीत येत नव्हती. त्यांनी डावीकडं झुकून जरा जोर केला, पायाखालचा चिखल निसटला, आणि माझा हंडा कलंडला.

सगळा नाही सांडला. बाबांनी खांदा लावून धरला. पण जवळजवळ अर्धं पाणी पोत्यावरून चिखलात गेलं आणि त्याबरोबर बीज. काळे ठिपके चिखलाच्या खळग्यात उड्या मारत होते. वाहत वाहत उताराकडं, नाल्याकडं निघाले होते.

  मी धावले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांची ओंजळ करून पिल्लं उचलायला लागले. चिखलासकट, पाण्यासकट, जे येईल ते. बाजूला कोणीतरी बसलं. "तिकडं, तिकडं जाऊन राह्यले, आडवा हात घाल!" मी हात आडवा घातला. तिनं माझ्या हाताच्या खालून ओंजळ घातली. "धर. हळू. चेंगरू नोको." आम्ही दोघींनी मिळून एका खळग्यातून ओंजळ भरली आणि मायनं पुढं केलेल्या पातेल्यात ओतली. मग दुसऱ्या खळग्यातून. तिसऱ्यांदा ओंजळ भरली तेव्हा तिची बोटं माझ्या बोटांत होती, आणि तेव्हा आत्याबाईनं ते पाहिलं.

ती थांबली. हात वर घेऊन पाहत राहिली, चिखलानं भरलेला, मनगटापर्यंत. मग तिनं मान वळवून स्वतःच्या हंड्याकडं पाहिलं. इतका वेळ ती बोलत होती, धावत होती, आणि तिचा हंडाही थांबलेला होता. त्यातही वर ठिपके जमले होते.

"माहाही हात बाटला आता," ती म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली कळलं नाही. चेहरा असा झाला होता जसं काही तिचं हरवलं आहे आणि काय ते तिला आठवत नाही. मग तिनं पावसाच्या पाण्यानं हात धुतला आणि आपल्या हंड्यात घातला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "उभी काऊन हायेस? बस तुह्या जागी. हलव."

मामा पाण्याची घागर घेऊन आला तेव्हा आम्ही चौघं आपापल्या जागी होतो. तो एकेकाच्या तोंडाकडं पाहत म्हणाला, "काय झालं? मयत झाल्यासारखे काऊन बसले सगळे?" बाबा म्हणाले, "काही नाई. मंदीच्या हंड्यात पाणी टाक, कमी झालं."

उन्हं कुठं होती ते दिसत नव्हतं, पण दिवस कलत असावा तेव्हा पुलाच्या कडेचे दगडी खुंट पाण्याबाहेर डोकावले. बाबा काठी घेऊन पाण्यात उतरले, पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. तिथून हात हलवून त्यांनी ये म्हटलं. हंडे गाडीत चढवले. मामा, जो कधी गप्प बसायचा नाही, त्यानं टेपसुद्धा बंद केला. बाबा पुढं काठीनं पूल चाचपत चालले आणि गाडी त्यांच्या मागं, माणसाच्या चालीनं. पाणी फळीच्या खालपर्यंत आलं. मधोमध पोचलो तेव्हा मागचं चाक घसरलं, गाडी नदीच्या अंगाला थोडी वळली, आणि मायनं एका हातानं मला धरलं, दुसरा हात हंड्यातच. आत्याबाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. तिचाही हात फिरत होता. मग पुढचं चाक चढाला लागलं.

तलावावर टोली जमली होती, डोक्यावर पोती, ताडपत्रीचे तुकडे घेऊन. मी गाडीतच राहिले. हंडे आधी पाण्यात तरंगत ठेवले, आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार होईपर्यंत. मग कलते करून पिल्लांना आपल्या मनानं बाहेर जाऊ दिलं. टोलीतल्या एका म्हाताऱ्यानं आत्याबाईला विचारलं, "बाई, बीज कसं हाये? वाटेत काही झालं त् नाई?" सगळे तिच्याकडं बघायला लागले. मी गाडीच्या फळीआड बसून ऐकत होते. आत्याबाई म्हणाली, "झड लागली. पूल बुडला. आणखी का व्हाव लागते?"

पण घरी आल्यावर तिनं मला सरळ मागच्या पडवीत बसवलं. माझ्यापुढं ताट सरकवून ठेवताना म्हणाली, "उन्हाळ्यात जाळं निघन, तवा पाहू." एवढंच. ते मायनंही ऐकलं आणि ती माझा तांब्या भरायला वळली. पुलाच्या अलीकडं बोलली तेवढंच तिचं आयुष्यातलं उलट बोलणं असावं.

ते वर्ष मी तलावाच्या पाळीवर काढलं असं म्हटलं तरी चालेल. शेण वेचायला, सरपणाला, कशाच्याही निमित्तानं जायची. पाणी गढूळ, खाली काय आहे ते दिसायचं नाही. संध्याकाळी कुठं बुडबुडा फुटला तर बरं वाटायचं. चार दिवस फुटला नाही तर जेवण जायचं नाही. कधी वाटायचं आत्याबाई सांगेल, कधी वाटायचं तिनं कोणाला तरी सांगितलंच आहे. विहिरीवर बायका बोलता बोलता थांबल्या की मी रिकामी घागर घेऊन परत यायची.

उन्हाळ्यात जाळं ओढलं. दोन्ही काठांवर माणसं, मधे जाळ्याचा फुगवटा जवळ जवळ येत चाललेला. मी लांब, पळसाखाली. मग पाणी उकळल्यासारखं झालं आणि लोक ओरडले. रोहू होते, कतला होते, हातभर लांब. पोरं नाचत होती. बाबांना कोणीतरी खांद्यावर घ्यायला गेलं, बाबा लाजून मागं सरले. ठेकेदाराचं नाव त्यानंतर बरीच वर्षं कोणी काढलं नाही. आणि माझं नाव कोणी काढलंच नाही, काढायचं कारण नव्हतं. मासे वाढले म्हणजे तलावाचं पाणी चांगलं, बाबांचा हात चांगला, झड वेळेवर लागली. मेले असते तर आजही टोलीतल्या म्हाताऱ्या बायका मला बोटानं दाखवत असत्या. मी हे लिहिताना विचार करते, कुठल्या कुठल्या गावात कुठली कुठली पोरगी असेल, जिच्या नावावर तलाव कोरडे पडले.

पुढच्या पावसाळ्यात मामाची मेटाडोर पुन्हा दारात आली तेव्हा मी पडवीत बसले होते, बाहेरची. वेगळं ताट, वेगळा तांब्या. पुढं हंडे चढवल्याचे आवाज येत होते, मामा कोणाची तरी थट्टा करत होता. माझ्या जागेवर शेजारच्या काकूला न्यायचं ठरलं होतं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. तेवढ्यात आत्याबाई मागच्या दारात आली. आत आली नाही. उंबऱ्यावर उभी राहिली आणि तोंड पलीकडं, परसाकडं फिरवलं. त्यानंतरही ती होती तोवर दर महिन्याला तिनं मला असंच बाहेर बसवलं, एकदाही सूट दिली नाही, चुलीकडं फिरकू दिलं नाही. त्या दिवशी मात्र ती बराच वेळ परसातल्या भोपळ्याच्या वेलाकडं पाहत उभी राहिली, मग मला पाठमोरीच म्हणाली, "चाल. गाडी खोळंबून राह्यली."